अजातशत्रूची घाई
(विहाराच्या वर्षावास प्रवचनमालेत केलेल्या भाषणाचे लेखी रूप)

दाराशी उभे असलेल्यांनी आत यावे, कारण आजचा विषय मुख्यतः त्यांच्याच वयाचा आहे.

वर्षावासात आपण दरवर्षी चांगल्या माणसांच्या कथा ऐकतो. अनाथपिंडिकाचे दान, विशाखेची श्रद्धा, जीवकाची वैद्यकी. त्या ऐकाव्यातच. पण आम्ही समितीला विनंती केली की एक दिवस आम्हांला चुकलेल्या माणसाबद्दल बोलू द्या. चांगला माणूस आपल्यापेक्षा फार उंच असतो, त्याच्याकडे मान वर करून बघावे लागते. चुकलेला माणूस मात्र आपल्या शेजारच्या खोलीत राहिल्यासारखा वाटतो. असा एक माणूस म्हणजे मगधाचा राजा अजातशत्रू.

आम्ही काही पंडित नाही. धर्मानंद कोसंबींची पुस्तके, परमपूज्य बाबासाहेबांचा ग्रंथ आणि भन्तेंकडून ऐकलेले, एवढेच आमचे भांडवल. पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचले ते सांगतो. कुठे पाली शब्दाचा उच्चार चुकला तर भन्तेजी सांभाळून घेतील.

बिंबिसार राजा आपणां सर्वांना माहीत आहे. मगधाचा राजा, राजधानी राजगृह, म्हणजे आजच्या बिहारमधले राजगीर. महावंसात लिहिले आहे की तो पंधराव्या वर्षी गादीवर बसला आणि त्याने 52 वर्षे राज्य केले. तथागतांपेक्षा तो पाच वर्षांनी लहान. सिद्धार्थ गौतम घर सोडून राजगृहात भिक्षा मागत फिरत होते तेव्हापासून त्याची ओळख. पुढे बुद्धत्व प्राप्त झाल्यावर तथागत राजगृहाला आले, तेव्हा बिंबिसाराने आपले वेळुवन संघाला दान दिले. असा हा बाप. आणि त्याचा, कोसलादेवीच्या पोटी जन्मलेला मुलगा अजातशत्रू.

आता इथे एक गोष्ट आधीच मोकळी करून टाकू. अट्ठकथेत अशी कथा आहे की अजातशत्रू पोटात असताना राणीला राजाच्या दंडातले रक्त पिण्याचे डोहाळे लागले, ज्योतिष्यांनी सांगितले की हा मुलगा बापाचा वैरी होणार, आणि म्हणून त्याचे नाव अजातशत्रू, म्हणजे जन्माआधीपासूनच शत्रू. ही कथा आम्हांला पटत नाही, आणि आपणही घरी मुलांना ती सांगताना विचार करावा. ज्योतिष खरे धरले तर अजातशत्रूचा काही दोषच उरत नाही. पोटात होता तेव्हाच ठरले होते, मग तो काय करणार? आपल्या बापजाद्यांना हेच सांगून शेकडो वर्षे गावकुसाबाहेर ठेवले, की बाबांनो, तुमचे जन्माआधीच ठरले आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला आपण ते नागपूरला टाकून आलो. तेव्हा अजातशत्रूच्या बाबतीतही नशिबाला मध्ये आणायचे नाही. त्याने जे केले ते त्याने केले. त्याच कथेत एक चांगली गोष्ट मात्र आहे. राणी घाबरून गर्भ पाडायला निघाली तेव्हा बिंबिसाराने तिला अडवले. ज्योतिषी काही म्हणोत, मूल वाढू दे म्हणाला. बाप असा होता.

मग बिघडले कुठे? विनयपिटकात, चुल्लवग्गात हा भाग आहे. देवदत्त हा तथागतांचा नातलग, संघात भिक्खू. पण त्याला संघाचे पुढारीपण हवे होते. त्याने हेरले की राजपुत्र तरुण आहे, कच्चा आहे, आणि याच्या हातात उद्या सत्ता येणार आहे. त्याने राजपुत्रावर छाप पाडली. छाप इतकी बसली की अजातशत्रू रोज सकाळ-संध्याकाळ पाचशे रथ घेऊन त्याच्या दर्शनाला जायचा आणि पाचशे भांडी अन्न पाठवायचा. एकदा एवढे झाले की मग काय, देवदत्त जे बोलेल ते खरे.

आणि देवदत्त काय बोलला बघा. त्याचा आशय असा, की कुमार, पूर्वी माणसे दीर्घायुषी होती, आता तसे राहिले नाही. तू कुमार असतानाच मरून गेलास तर? म्हणून तू बापाला मारून राजा हो, मी बुद्धाला मारून बुद्ध होतो.

याच्यात एक शब्द तरी खोटा आहे का? आयुष्याचा भरवसा नाही, हे तर तथागतही सांगत. अनित्यता हा धम्माचा पायाच आहे. पण तथागत म्हणत, आयुष्याचा भरवसा नाही म्हणून आज चांगले वागा. देवदत्त म्हणाला, आयुष्याचा भरवसा नाही म्हणून आजच हिसकावून घ्या. वाक्य तेच, फक्त शेवट बदलला. बिघडवणारा माणूस नेहमी खऱ्या वाक्यापासून सुरुवात करतो, खोट्यापासून नाही. "तुझा बाप म्हातारा झाला" हे खरे असते. "तुझा भाऊ तुझ्यापेक्षा जास्त कमावतो" हेही खरे असते. त्याच्या पुढे तो काय जोडतो तिकडे कान पाहिजे.

मग अजातशत्रूने काय केले? मांडीला खंजीर बांधला आणि भर दुपारी बापाच्या महालात घुसला. ग्रंथात स्पष्ट लिहिले आहे की तो घाबरलेला होता, बावरलेला होता. विचार करून निघालेला माणूस भर दुपारी असा जात नाही. त्याच्या अंगात दुसऱ्याचे शब्द शिरले होते आणि त्या शब्दांनी त्याला चालवत आणले होते. महालातल्या अमात्यांनी त्याला पाहिले, पकडले, झडती घेतली, खंजीर सापडला. विचारले, काय करायचे होते? सांगितले, बापाला मारायचे होते. कोणी सांगितले? देवदत्ताने. एका दमात सगळे सांगून मोकळा झाला. पक्का गुन्हेगार असे सांगतो का? पोरगाच तो.

अमात्यांत तीन मते पडली. काही म्हणाले, राजपुत्राला मारा, देवदत्ताला मारा आणि सगळ्या भिक्खूंनाही मारा. काही म्हणाले, भिक्खूंचा काय दोष, फक्त या दोघांना मारा. आणि काही म्हणाले, कोणालाच मारू नका, राजाला सांगू, तो म्हणेल तसे करू. बिंबिसाराने पहिल्या मताच्या अमात्यांना कामावरून काढले, दुसऱ्यांना खालच्या जागेवर टाकले आणि तिसऱ्यांना वर चढवले. म्हणजे जे थांबले, त्यांना बढती. अजातशत्रूने हे डोळ्यांनी पाहिले, पण घेतले काही नाही.

राजाने मुलाला विचारले, "बाळा, मला का मारायचे होते?" मुलगा म्हणाला, "राज्य पाहिजे." राजा म्हणाला, "राज्य पाहिजे ना, मग हे घे, राज्य तुझे." आणि दिले.

इथे कथा संपायला पाहिजे होती. ज्याच्यासाठी खंजीर घेतला ते हातात आले. बाप जिवंत, मुलगा राजा, कोणाचे रक्त सांडले नाही. पण देवदत्त गप्प बसला नाही. अट्ठकथेत आहे की तो म्हणाला, तू आत उंदीर ठेवूनच नगाऱ्यावर कातडे चढवलेस. तुझा बाप दोन-चार दिवसांत विचार करील आणि परत गादीवर बसेल. मग बिंबिसार कैदेत गेला. हत्याराने मारायचे नाही म्हणून उपाशी ठेवायचे ठरले. धुराने तापलेल्या कोठडीत ठेवले. राजगीरला आजही जाड दगडी भिंतींचा एक चौक बिंबिसाराचे कारागृह म्हणून दाखवतात, आणि तिथले लोक सांगतात की त्या कोठडीतून राजाला समोरच्या गृध्रकूटावर तथागतांचे दर्शन होत असे.

त्या कोठडीत फक्त कोसलादेवीला जायची परवानगी होती. तिने आधी ओटीत लपवून अन्न नेले. ते पकडले. मग केसांच्या अंबाड्यात नेले. तेही पकडले. मग पायताणात. शेवटी अंगाला तूप-मध यांचे चतुर्मधुर फासून गेली, राजा ते चाटून जगला. तेही कळले आणि तिचे जाणे बंद केले. आमच्या भगिनींनी हे लक्षात घ्यावे, कारण या कथेत अजातशत्रूचे नाव सगळे घेतात, कोसलादेवीचे कोणी घेत नाही. एकीकडे नवरा, दुसरीकडे पोटचा पोरगा. अशा घरातल्या बाईची दशा आपल्या वस्तीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना जास्त सांगायला नको.

राजा तरीही जगला, कोठडीत शांतपणे चंक्रमण करीत राहिला. तेव्हा न्हावी पाठवून त्याचे तळपाय कापायला लावले, त्यात मीठ-तेल भरून खैराच्या निखाऱ्यावर शेकायला लावले. न्हाव्याला पाहून बिंबिसाराला वाटले की मुलाचे मन पालटले, माझी दाढी करायला माणूस पाठवला. यापुढे वर्णन करवत नाही.

आता ज्या जागेसाठी आम्ही ही कथा निवडली ती जागा ऐका. बिंबिसार ज्या दिवशी वारला त्याच दिवशी अजातशत्रूच्या राणीला मुलगा झाला. दोन निरोप, दोन पत्रे एकाच वेळी आली. अमात्यांनी ठरवले, आधी आनंदाचे देऊ. पत्र वाचले, मुलगा झाला. आणि त्या क्षणी पोराच्या मायेने त्याच्या हाडांत झिणझिण्या आल्या. लगेच मनात आले, मी जन्मलो तेव्हा माझ्या बापालाही असेच झाले असेल. तो ओरडला, "जा, माझ्या बापाला सोडा!" अमात्यांनी दुसरे पत्र त्याच्या हातात ठेवले.

तो रडत आईकडे गेला. विचारले, मी झालो तेव्हा बापाची माझ्यावर माया होती का? आई म्हणाली, वेड्या, काय विचारतोस? तू लहान होतास, बोटाला गळू झाले होते. रडायचा थांबेनास, म्हणून दायांनी तुला दरबारात बसलेल्या बापाकडे नेले. त्याने तुझे बोट तोंडात धरले. तोंडाच्या उबेने गळू फुटले आणि तुला दुखू नये म्हणून बोट बाहेर न काढता त्याने तो पू गिळून टाकला.

बंधू-भगिनींनो, या दोन पत्रांत कितीसे अंतर होते? एक वाचून दुसरे हातात घेण्याइतके. अजातशत्रूच्या मनात माया नव्हती असे नाही. होती, भरपूर होती, पण ती उशिरा आली. राग पायी चालत येत नाही, धावत येतो. माया आणि विचार ही दोन्ही मागून सावकाश येतात. जो थांबतो त्यालाच ती गाठतात.

आपल्या वस्तीत राजवाडे नाहीत, पण दहा बाय बाराच्या खोल्या आहेत आणि त्यांवर बापाचे नाव आहे. फंड आहे, ग्रॅच्युइटी आहे. आमच्यावर अशा भांडणांत मध्ये बसायची वेळ अनेकदा आली. एक प्रसंग सांगतो, नावगाव काही सांगत नाही. एक कामगार निवृत्त झाला, फंडाचे पैसे आले. मुलाला रिक्षा घ्यायची होती. बाप म्हणाला, जरा थांब, बहिणीचे लग्न पार पडू दे. नाक्यावरच्या मित्राने पोराला सांगितले, "म्हातारा सगळे पोरीला देणार, तू बघत बस." झाले! पोरगा रात्री दहाला घरी आला, बापाची पत्र्याची ट्रंक उचलून गॅलरीत आणली आणि म्हणाला, निघा. चाळ गोळा झाली. कोणी पोराला शिव्या देतो, कोणी बापाला शहाणपण शिकवतो. आम्हीही मोठमोठे बोलू लागलो. तेवढ्यात शेजारची एक म्हातारी आली. ती पोराला एवढेच म्हणाली, "सकाळपासून जेवलास का? आधी जेव, मग फेक ट्रंक." आणि हाताला धरून आपल्या घरात नेऊन त्याला ताटावर बसवले. भाकरी आणि बोंबलाचे कालवण. पोरगा जेवला. जेवून बाहेर आला, ट्रंकेकडे पाहिले, उचलली आणि परत जागेवर ठेवली. कोणाशी एक शब्द बोलला नाही. त्या म्हातारीने धम्माचा एक ग्रंथ वाचलेला नव्हता. पण पहिले पत्र आणि दुसरे पत्र यांच्यामध्ये तिने एक ताट ठेवले.

साळखात्यात ज्यांनी काम केले त्यांना हे वेगळे सांगायला नको. ताण्याचा धागा तुटला की साचा थांबवायचा, धागा सांधायचा, मगच पुढे चालवायचा. एक मिनिट गेले म्हणून जीव वरखाली करणारा नवा माणूस तसाच साचा चालू ठेवतो आणि मग वारच्या वार कापड खराब निघते. ते उसवून परत विणता येत नाही.

तथागतांनी हीच गोष्ट आपल्या मुलाला, राहुलला, तो लहान असतानाच सांगितली. मज्झिमनिकायात ते सुत्त आहे. त्यांनी विचारले, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. मग तथागतांनी सांगितले की तसेच प्रत्येक काम करण्यापूर्वी पाहावे, करताना पाहावे आणि केल्यावर पाहावे, की याने मला, दुसऱ्याला की दोघांनाही त्रास होणार आहे? बोलण्याचे तेच, मनातल्या विचाराचेही तेच. गंमत बघा, करत असतानाही पाहा असे सांगितले आहे. म्हणजे अर्धे झाले असेल तरी थांबता येते. खंजीर बांधला असेल तरी सोडता येतो, ट्रंक गॅलरीत आली असेल तरी आत नेता येते. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्खूंनी आणि उपासकांनी वारंवार ऐकावे म्हणून जे मोजके धम्मग्रंथ सांगितले त्यांत राहुलला केलेला हा उपदेश आहे. कलिंगाचे युद्ध करून पस्तावलेल्या राजाने तो निवडला, यातच काय ते आले.

आता अजातशत्रूकडे परत येऊ. अट्ठकथा म्हणते, बाप वारल्यापासून त्याला झोप लागेना. डोळा मिटला की दचकून उठायचा. नरकाचे वर्णन आम्ही करीत नाही, त्याची गरज पण नाही. राजवाड्यात मऊ बिछान्यावर झोप न येणे हीच शिक्षा काय थोडी आहे?

अशा एका कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री तो गच्चीवर अमात्यांसह बसला होता. चांदणे पडले होते. म्हणाला, कोणाकडे जावे, कोणाच्या दर्शनाने मन शांत होईल? एकेका अमात्याने एकेका आचार्याचे नाव घेतले. जीवक मात्र गप्प होता. राजाने विचारले तेव्हा तो म्हणाला, माझ्या आंबराईत तथागत उतरले आहेत, त्यांच्याकडे चला. हत्ती सज्ज झाले, मशाली पेटल्या. आंबराई जवळ आली तसा राजा भ्यायला, अंगावर काटा आला. जीवकाला म्हणाला, तू मला शत्रूच्या हाती तर देत नाहीस ना? तू म्हणतोस इथे साडेबाराशे भिक्खू आहेत, मग एक शिंक नाही, खोकला नाही, आवाज कसा नाही? बघा, ज्याने स्वतः दगा केला त्याला शांततेतही दगाच दिसतो. जीवक म्हणाला, भिऊ नका महाराज, ते पाहा समोर दिवे जळत आहेत.

हा दीघनिकायातला सामञ्ञफल सुत्ताचा प्रसंग. भरहुतच्या स्तूपावर तो दगडात कोरलेला आहे. हत्तीवरून आलेला राजा आणि वंदन करणारा राजा, खाली त्याचे नाव. ते शिल्प कोलकात्याच्या संग्रहालयात आहे.

राजाने प्रश्न विचारला तो आपल्याला जवळचा आहे. म्हणाला, माहूत आहेत, स्वयंपाकी आहेत, न्हावी, माळी, परीट, विणकर, कुंभार आहेत. हे सगळे आपल्या धंद्याचे फळ इथेच भोगतात, बायकापोरांना पोसतात. तसे भिक्खू होण्याचे इथे, याच जन्मी दिसणारे फळ काय? राजाच्या तोंडी विणकराचे नाव आले म्हणून आम्हांला बरे वाटले, हा आपला आमचा हिशेब! तथागतांनी उलट विचारले, तुझा एखादा दास, तुझ्या आधी उठणारा, तुझ्यानंतर झोपणारा, तुझ्या तोंडाकडे बघत राहणारा, उद्या भिक्खू झाला, तर त्याला तू परत दास म्हणून बोलावशील का? राजा म्हणाला, नाही भगवन्. उलट आम्हीच त्याला वंदन करू, उठून उभे राहू, बसायला आसन देऊ. तथागत म्हणाले, हे पहिले फळ. अडीच हजार वर्षांपूर्वी बापाला मारून गादीवर बसलेल्या राजाच्या तोंडून हे वदवून घेतले. आम्ही तर म्हणतो, हे सुत्त प्रत्येक विहारात वर्षातून एकदा वाचले पाहिजे.

उपदेश ऐकून राजाने कबुली दिली. भगवन्, मी मूढ, राज्याच्या लोभाने मी धार्मिक बापाला ठार मारले. तथागतांनी त्याला शिव्या दिल्या नाहीत आणि झाले गेले विसर असेही म्हटले नाही. म्हणाले, खरोखरच अपराध झाला. पण तू तो अपराध म्हणून पाहतोस आणि कबूल करतोस, म्हणून आम्ही तो स्वीकारतो. यातच वाढ आहे. राजा उठला. म्हणाला, बरे तर, आता आम्ही निघतो, आम्हांला पुष्कळ कामे आहेत. तो गेल्यावर तथागत भिक्खूंना म्हणाले की हा राजा आतून मोडून गेला आहे. याने बापाला मारले नसते तर आज याच आसनावर त्याला धम्मचक्षू प्राप्त झाला असता.

मागच्या वेळी एका ताईंनी विचारले होते, की अंगुलिमालाने एवढी माणसे मारली, तो अर्हत झाला, मग याला का नाही? प्रश्न चांगला आहे. ग्रंथांत याचे उत्तर असे की आईबापाची हत्या हे असे कर्म आहे की त्याच जन्मात मार्ग अडतो. आम्हांला साध्या माणसाला आणखी एक फरक दिसतो. अंगुलिमालाने तलवार टाकली ती टाकलीच. लोकांनी दगड मारले, डोके फुटले, पात्र फुटले, तरी त्याने परत हात उचलला नाही. अजातशत्रूला मात्र "पुष्कळ कामे" होती.

ती कामे कोणती? वज्जींचे गणराज्य गिळायचे होते. त्याने वस्सकार नावाच्या अमात्याला तथागतांकडे पाठवले. तथागतांनी सांगितले, वज्जी जोवर एकत्र जमतात, एकत्र उठतात, वडीलधाऱ्यांचा मान राखतात, बायकांवर बळजोरी करीत नाहीत, तोवर त्यांची हानी होणार नाही. वस्सकाराने यातून भलताच धडा घेतला, की यांना लढून नाही, फोडून जिंकता येईल. राजाशी भांडण झाल्याचे सोंग करून तो वैशालीला गेला आणि लिच्छवींच्या मुलांचा शिक्षक झाला. मग एकाला बाजूला घ्यायचा आणि हळूच विचारायचा, "शेत नांगरता का?" तो म्हणायचा, हो. "दोन बैल जुंपून?" हो. एवढेच. बाकीचे त्याला विचारायचे, गुरुजी काय म्हणाले? तो खरे सांगायचा, पण यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणायचे, हा काहीतरी लपवतो. दुसऱ्याला विचारायचा, आज कालवण कशाचे होते? तिसऱ्याला म्हणायचा, तू फार गरीब आहेस असे ऐकले. कोणाकडून? अमक्याकडून. तीन वर्षांत दोन लिच्छवी एका वाटेने जाईनासे झाले. मग एकत्र येण्याचा नगारा वाजवून पाहिला. कोणी आले नाही. म्हणाले, ज्यांची घरे आहेत आणि जे शूर आहेत त्यांनी जावे, आम्ही गरीब, आम्ही भित्रे. अजातशत्रूने वैशाली घेतली, वेशीचे दरवाजे उघडेच होते.

आम्हांला या माणसाची खरी शोकांतिका इथे दिसते. ज्याच्या कानात देवदत्ताने विष ओतले, ज्याचे घर एका कुजबुजीने जळाले, त्याने रडून कबुली दिली, आणि तीच कुजबुज हत्यार म्हणून दुसऱ्याच्या घरात पाठवली. बापाला मारले याचा पस्तावा होता. घाईचा आणि कुजबुजीचा नव्हता. एक फळ तोडले, झाड तसेच ठेवले. आपल्या चळवळीचे, पक्षांचे, अगदी विहार कमिट्यांचे जे तुकडे झाले त्यांत तत्त्वाची भांडणे किती आणि "गुरुजी तुझ्या कानात काय म्हणाले" यावरची किती, हे समोर बसलेल्या जुन्या मंडळींनी मनाशीच मोजावे. नावे घेऊन आजचा दिवस नासवायचा नाही.

त्याच्या पदरात दुसरी बाजूही टाकली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. देवदत्ताची संगत त्याने सोडली. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर त्याने अस्थींचा वाटा मागून राजगृहाला स्तूप बांधला. आणि राजगृहाच्या सप्तपर्णी गुहेजवळ पहिली धम्मसंगीती भरली, पाचशे भिक्खूंनी धम्म आणि विनय एकत्र म्हटले, त्याची सगळी व्यवस्था या राजाने केली. आज आपल्या हातात जे त्रिपिटक आहे त्यात याचाही हातभार आहे. बापाचे रक्त लागलेल्या त्याच हातांचा.

महावंसाप्रमाणे त्याने 32 वर्षे राज्य केले. ज्या मुलाच्या जन्माचे पत्र वाचून त्याच्या हाडांत माया उतरली होती त्या मुलाचे नाव उदयभद्र. आंबराईत भिक्खूसंघाची ती शांतता पाहून राजाच्या तोंडून पहिले वाक्य निघाले होते ते हेच, की माझ्या उदयभद्राला अशी शांती मिळो. उदयभद्र मोठा झाला आणि त्याने बापाला मारून गादी घेतली. उदयभद्राला त्याच्या मुलाने मारले, त्याला त्याच्या मुलाने, आणि असे पिढ्यानपिढ्या चालले, नागदासकापर्यंत. शेवटी लोकच उठले, म्हणाले हा बापमाऱ्यांचा वंश आहे, आणि त्यांनी त्याला हाकलून शिशुनाग नावाच्या अमात्याला गादीवर बसवले.

वेळ झाली आहे, भन्तेंची धम्मदेसना अजून व्हायची आहे. खीर तयार आहे असे महिला मंडळाने कळवले आहे, तेव्हा कोणी जेवल्याशिवाय जाऊ नये.

जय भीम. नमो बुद्धाय.